लेकीची वाकळ : ज्येष्ठ ते ज्येष्ठ

लेकीच्या वाकळीचा, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधडीचा, वरचा थर जवळपास भरत आला. मधला वीतभर चौकोन तेवढा मोकळा आहे, तो वाढदिवसाचा. माप चार फूट बाय तीन. खाली आईचं जुनं इरकल, आत आजोबांच्या धोतराचे दोन थर, वर लेकीच्या वर्षभरातल्या कापडांचे तुकडे. चारच थर असल्यामुळं जाड सुई पुरते, दाभण लागत नाही. दोरा सुती, मेणावरून ओढून घेतलेला.

इरकल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अंग सुती असलं तरी पदर रेशमी किंवा नकली रेशमाचा असतो. त्याचा ताणा वेगळा, अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला. धुतल्यावर दोन्ही सारखं आटत नाही आणि वाकळीला तिथं कायमची चुणी पडते. म्हणून पदर आधीच कापून काढला. आईनं तो घडी घालून तिच्या कपाटात ठेवलाय. आता त्याला हात लावायची सोय नाही.

तुकडे निवडायचा नियम सुरुवातीलाच ठरवला होता: सणासमारंभाच्या दिवशी लेकीच्या अंगावर किंवा अंगाखाली जे सुती होतं तेच घ्यायचं. सणाचे ड्रेस बाद. आजकाल बाळाचा सणाचा ड्रेस म्हणजे वर नेट, मध्ये साटीन, आत खरखरीत अस्तर. लेक तो फोटोपुरता घालते, भोकाड पसरते आणि झबल्यावर येते. पुढचा सगळा सण झबल्यातच होतो. शिवाय नेटवर धावदोरा सरळ बसत नाही, साटीन सुईखाली सरकतं आणि घाम शोषत नाही. बायकोला हे पटायला दसरा उजाडला.

बारसं सासरवाडीला, कागलला झालं. कुंची खणाची, काठाला जर. ती अख्खी जपून ठेवली, फक्त आतलं मलमलचं अस्तर उसवून घेतलं. पाळण्यात खाली घातलेलं मांजरपाटाचं दुपटंही आलं. मांजरपाट कोरं असताना कडक असतं, पण बाळंतिणीच्या खोलीतल्या रोजच्या धुण्यानं महिन्याभरात लोण्यासारखं होतं.

मग पाऊस. आपल्या कोल्हापूरकडच्या पावसात बाळाचे कपडे वाळवणं हेच पूर्णवेळ काम. शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळत होते आणि घरभर धुराचा वास. दमट कापड थरात गेलं तर आतून बुरशी धरते, त्यामुळं श्रावण सरेपर्यंत सुईला हात लावला नाही, नुसते तुकडे उशीच्या खोळीत जमवले. बेंदराला पाटावर मातीचे बैल पुजले, तेव्हाचं पिवळं झबलं त्यातच पडलं.

खरं काम सुरू झालं गौरीला. आमच्याकडं तेरड्याच्या रोपांची गौर. बहिणी पंचगंगेवरून घेऊन आल्या, दारात पायांवर पाणी घालून आत घेतली, भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. लेकीला गौरीसमोर आईच्या जुन्या पातळाच्या घडीवर निजवलं होतं. तिथंच ती पहिल्यांदा पालथी पडली. सगळ्या एकदम ओरडल्या तशी घाबरून रडली आणि दुसऱ्या दिवशी शंकरोबा येईपर्यंत कुणाकडं जाईना. त्या पातळावर हळदीचं बोट लागलंय. हळदीचा डाग साबणानं लाल होतो आणि उन्हात टाकला की उडतो. हा तुकडा मी सावलीत वाळवला.

रचना आईच्या पद्धतीची. सुरुवात काठापासून, कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी चिंध्या, मग चौकोनी फेऱ्या घालत आत यायचं. तुकडे आधी जोडून घ्यायचे नाहीत, जसे येतील तसे कडा दुमडून चारही थरांतून शिवत जायचं. वर्षभर थोडं थोडं शिवणाऱ्याला ही पद्धत सोयीची: आषाढ कडेला राहतो आणि महिने आपोआप आत सरकतात. धोका एकच, खालच्या कापडाचा फुगारा मधे गोळा होतो. त्यासाठी आधी वीत-वीत अंतरावर कच्चे टाके. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवलं होतं, तर आई म्हणाली, “दाट घाल की रं, रोज धुवायची हाय ती.” ते अर्ध्या बोटावर आणलं. गाठी थरांच्या आत. बटणं, हूक, मणी काही नाही, कारण सध्या घरातली प्रत्येक वस्तू तोंडात जाते.

दसऱ्याला दसरा चौकातल्या गर्दीत नेलं नाही, सोनं घरीच लुटलं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा पंचा घेतला. वाकळीला पंच्यासारखं कापड नाही, विरळ विणीचा आणि सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. उष्टावणाचं लाळेरं खिरीच्या डागासकट आलं. मामाचा हात सढळ आहे.

बोरन्हाणाच्या काळ्या झबल्यानं दमवलं. हलव्याचे दागिने साखरेचे, अंगाच्या घामानं पाझरतात आणि कापड चिकट होतं. कोमट पाण्यात धुतल्याशिवाय ठेवलं तर मुंग्या. त्याहून मोठा प्रश्न काळ्या रंगाचा. ओलं पांढरं फडकं वर ठेवून इस्त्री फिरवायची. फडक्यावर रंग उतरला तर पुन्हा धुवायचं. नितळ पाणी येईपर्यंत धुतलं. मिठाच्या पाण्याचा उपाय सगळे सांगतात, पण गिरणीत रंगवून आलेल्या कापडावर त्याचा भरवसा धरू नका. फडकंच खरं सांगतं.

रंगपंचमीला लेक खिडकीतच होती. त्याआधी खेट्याच्या, म्हणजे माघातल्या जोतिबाच्या वारीच्या, एका रविवारी डोंगरावर जाऊन आलो. चैत्र यात्रेच्या गर्दीत तिला नेणं आईलाही मान्य नव्हतं. तरी टोपडं गुलालानं भरलंच. किती धुतलं तरी फिकट गुलाबी राहिलंय. पांढऱ्या दुपट्याशेजारी ते लावण्यात अर्थ नाही, म्हणून काळ्या झबल्याच्या पलीकडं बसवलं. आता रांगत येऊन ती नेमकं तेवढंच उपटायला बघते.

मधल्या चौकोनात काय ते अजून ठरायचंय, कारण ते कापड तिनं आधी घालायला हवं. वाढदिवस तारखेनं की तिथीनं हा वाद घरात चालू आहे. दोन्ही होणार असं दिसतंय. वाकळ अंथरायलाच वापरायची, एवढ्या लहान पोरीवर चार थर घालायचे नाहीत. शिवून झाली की पहिलं धुणं, कडक उन्हात दोन्ही बाजू वाळवणं आणि आटल्यावरचं माप. हे सगळं मृगाच्या आत. नाही जमलं तर दिवाळीपर्यंत थांबणं आलं, आणि आई तेवढं थांबणारी नाही, ती कच्च्या टाक्यांसकट अंथरेल.