भिंतीला पाय

शाळेत असताना सूर्यनमस्कार म्हटलं की मला पीटीच्या सरांची शिट्टी आठवायची. आकडा चुकला की पाठीत धपाटा. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

इथं इंग्लंडात लेकीच्या फुटबॉल संघाला गुरुवारी सरावानंतर वीस मिनिटं योगा असतो. बाई इथल्याच, शवासनाला ‘शव्हासाना’ म्हणतात. (पहिल्या दिवशी मला हसू आवरेना.) आसनं मोजकीच, भर श्वासावर. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. सोडलेला श्वास लांबला की ठोके मंदावतात, हे पोरींनी स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून ओळखायचं. मग एकेकीनं आज कसं वाटतंय ते सांगायचं. ‘भीती वाटते’ म्हटलं तरी चालतं. एखादी फारच खचलेली दिसली, तर बाई तिला शाळेच्या समुपदेशकाकडं नेतात. आसनांनी सगळं बरं होतं असा त्यांचा दावा नाही.

ईस्टरच्या सुट्टीत माहेरी कोल्हापुरात गेले होते. परगावच्यांना आपली कुस्ती ठाऊक, पण पेठेत आवाज चढतात ते फुटबॉलवरनं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, तालमींची नावं आणि खेळ फुटबॉलचा! भाचाही तालमीच्या पोरांत खेळतो. त्या दिवशी त्याची पेनल्टी बारला लागून परत आली. घरी आला तो बूटही न काढता जिन्यात बसला. ताटावर बसेना.

दादा म्हणाला, “पोरीगत रडतोस व्हय रं?”

लेक तिथंच उभी. “मामा, मी पोरगीच आहे. मी हरले की रडते, आणि मग श्वास मोजते.”

“श्वास मोजून पेनल्टी आत जाती व्हय?”

मी म्हटलं, “दादा, आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसात रायफलमध्ये कांस्य आणलं. श्वास आवरल्याशिवाय नळी स्थिर राहील का?” तो काही बोलला नाही. पटलं असंही नाही, पण टीव्हीचा आवाज बारीक केला.

रात्री बघते तर आतल्या खोलीत दोघं जमिनीवर उताणी, पाय भिंतीला लावलेले. लेक बोटांवर आकडे दाखवत होती. आई दारात आली. “अगं, दिवाळीलाच रंग दिलाय भिंतीला!”

डोळे न उघडता भाचा म्हणाला, “पाय धुतल्यात, आज्जी. थांब, सहा होऊ दे.”