लहान सोडियम अडतो, मोठा पोटॅशियम सुटतो

पोटॅशियमच्या आयनाची, म्हणजे भारित अणूची, त्रिज्या 1.33 ॲंगस्ट्रॉम (एक ॲंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), सोडियमची 0.95. तरी पेशीपटलातल्या पोटॅशियम चॅनेलमधून, म्हणजे आयनांना वाट देणाऱ्या प्रथिनातून, मोठा आयन सहज जातो आणि धाकटा अडतो. त्यामुळे चाळणीची उपमा इथे सोडूनच द्यावी.

पाण्यात आयन कधी उघडा नसतो. पाण्याचे रेणू त्याला चिकटलेले असतात. चॅनेलच्या सगळ्यात अरुंद जागेत शिरायचं तर हे कवच उतरवावं लागतं, आणि त्याला ऊर्जा पडते. सोडियमला ती जास्त पडते, कारण लहान असल्याने तो पाण्याला घट्ट धरून असतो.

ही ऊर्जा भरून कशी निघते, ते 1998 मध्ये दिसलं. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडान्स या जिवाणूच्या चॅनेलची रचना क्ष-किरणांनी उलगडली; 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. चार सारखी प्रथिनं गोलाकार उभी आणि मधोमध वाट. सगळ्यात अरुंद भाग, म्हणजे 'गाळणी', जेमतेम 12 ॲंगस्ट्रॉम लांब आणि पाच अमिनो आम्लांचा: थ्रिओनिन, व्हॅलिन, ग्लायसिन, टायरोसिन, ग्लायसिन. यांचे ऑक्सिजन अणू आत तोंड करून असतात आणि आयनासाठी चार जागा तयार करतात. प्रत्येक जागी आठ ऑक्सिजन, चार वर, चार खाली, साधारण 2.8 ॲंगस्ट्रॉमवर. पोटॅशियमला पाण्यातही ऑक्सिजन एवढ्याच अंतरावर मिळतो, म्हणून त्याचा हिशेब जुळतो. सोडियमला मात्र हे ऑक्सिजन लांब पडतात. कवच गेलं ते गेलंच.

इतकी काटेकोर निवड करूनही सेकंदाला 10 कोटींच्या घरात आयन जाऊ शकतात. आत आयन दाटीने रांगेत असतात, एकमेकांना ढकलतात. मागून नवा शिरला की पुढचा बाहेर पडतो. ही एकेरी रांग हॉजकिन आणि केन्स या शास्त्रज्ञांनी 1955 मध्येच सेपिया जातीच्या माकुळाच्या चेताक्षावरून (चेतापेशीच्या लांब तंतूवरून) ओळखली होती, ही गोष्ट मला आजही थक्क करते. रांगेत दोन आयनांमध्ये पाण्याचा रेणू असतो की नाही, यावर मात्र अजून वाद आहे.

बेरियम आकाराने जवळपास पोटॅशियमएवढाच, पण भार दुप्पट. तो आत शिरतो आणि रुतून बसतो, वाट बंद. प्रयोगात बेरियम क्लोराइड वापरताना द्रावणात सल्फेट किंवा फॉस्फेट ठेवू नका. बेरियमचा साका बसतो, द्रावण गढूळ होतं. मॅग्नेशियम सल्फेटऐवजी क्लोराइड घ्या, बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रव्य) फॉस्फेटचा नको, हेपेसचा ठेवा.

गाळणीतला एक ग्लायसिन बदलला तरी काय होतं, ते 'वीव्हर' नावाच्या उत्परिवर्तित उंदरांत दिसतं. मेंदूतल्या एका पोटॅशियम चॅनेलमध्ये तिथे सेरिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं, सोडियमही आत घुसू लागतो, अनुमस्तिष्कातल्या (मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागातल्या) पेशी मरतात आणि उंदीर झोकांड्या खात चालतो.