लॉगिन तपासलं, लॉगआऊट राहिलंच
बरोबर पासवर्ड टाकला की आत, चुकीचा टाकला की बाहेर, झालं टेस्टिंग असं मलाही वाटायचं. मग एकदा लॉगआऊट करून जुनं टोकन (लॉगिन झाल्यावर सर्व्हर देतो ती ओळखीची किल्ली) तसंच चिकटवून रिक्वेस्ट मारली तर सर्व्हरने निमूट २०० (म्हणजे 'सगळं ठीक') दिलं, म्हणजे बटण दाबल्यावर फक्त ब्राउझरमधली कुकी उडत होती, सर्व्हरला पत्ताच नाही! जेडब्ल्यूटी (ज्याच्या आतच ओळख नि मुदत लिहिलेली असते असं सही केलेलं टोकन) वापरत असाल तर हे हमखास बघा, सर्व्हरवर रद्द केलेल्या टोकनांची वेगळी यादी, म्हणजे ब्लॉकलिस्ट वगैरे नसेल तर एक्स्पायर होईपर्यंत ते चालतच राहतं. लॉगिननंतर सेशन आयडी (सर्व्हर तुमची भेट ज्यावरून ओळखतो तो कोड) बदलतो का तेपण बघा. आणि "हा ईमेल रजिस्टर नाही" असला मेसेज तर देऊच नका, कोणाचं अकाउंट आहे नि कोणाचं नाही ते चोराला फुकटात कळतं. नकार देताना सर्व्हरने ४०१ (ओळखच पटली नाही) द्यायचा की ४०३ (ओळख पटली तरी परवानगी नाही) यावर आमची भांडणं अजून चालूच आहेत.