सागाचं घर पायापासून पाहा

खारकर आळी, चरई, चेंदणी या जुन्या ठाण्यातल्या भागांत अजून काही लाकडी घरं उभी आहेत. त्यातलं एखादं ऑफिसासाठी घेतलं की पहिला खर्च पॉलिशवर होतो. पॉलिश सगळ्यात शेवटी. आधी खांबांचे बुंधे आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं पाहा, कारण सागाला वय नाही, ओल मारते. ओलावा 20 टक्क्यांवर टिकला की बुरशी धरते.

खांब मुळात दगडी तळखड्यावर कोरडा उभा असतो. नंतर कुणीतरी लादी बसवताना जमीन चार इंच वर घेतो, तळखडा सिमेंटात गाडला जातो आणि बुंध्यात पाणी चढत राहतं. वरून ऑइलपेंट असला तर बाहेरून काही कळतही नाही. हातोडीने ठोका, बद्द आवाज आला की तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा. पाती अर्धा इंच आत गेली तर तो भाग कापायचाच.

कापण्याआधी तुळईखाली दोन्ही बाजूंनी टेकू द्या, भार जॅकवर घ्या. इथे घाई नको: खांब सैल होण्यापुरतंच, मिलिमीटर-मिलिमीटरने उचला. जास्त उचललं की वरच्या मजल्याचे सांधे उकलतात, भिंतीला तडे जातात. कुजका भाग काढून जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट, बोल्ट स्टेनलेसचे. कुजक्या पोकळीत सिमेंट भरणं हा सगळ्यात वाईट उपाय, ते पाणी धरून ठेवतं.

तुळईच्या टोकाभोवती बोटभर मोकळी जागा सोडा. भिंतीला चुन्याचाच गिलावा करा.

वाळवीसाठी 1 किलो बोरिक ॲसिड आणि दीड किलो टाकणखार साधारण 48 लिटर गरम पाण्यात विरघळवून उघड्या लाकडाला दोन-तीन हात द्या. पावसात ते धुऊन जातं, म्हणून फक्त आतल्या लाकडाला. जमिनीतून येणाऱ्या वाळवीसाठी जोत्याभोवती वेगळी फवारणी लागतेच.

कौलं आणि रिपा मे संपायच्या आत उरका.

वरच्या मजल्यावर काय ठेवणार, हे आधीच ठरवा. राहत्या घराची जमीन चौरस मीटरला 200 किलो धरून मोजतात, फायलींनी भरलेल्या दाट रॅकना 600 किंवा त्याहूनही जास्त धरावे लागतात. म्हणून कपाटं खाली, टेबलं वर. संडास-बाथरूम लाकडी जमिनीवर कधीच नको, मागच्या अंगाला जमिनीवर वेगळं बांधा. वायरिंग उघड्या पाइपातून न्या, शिवाय 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा.