दोष विजेचा की डिझेलचा? जुन्या ट्रकच्या इंजिनाची तपासणी

जुना ट्रक सुरू होत नाही म्हटले की बहुतेकांचा हात आधी डिझेल फिल्टरकडे जातो आणि फिल्टर बदलूनही काम झाले नाही, तर इंजेक्टरना दाबाने डिझेल पुरवणारा पंप उतरवून टेस्टिंगला पाठवला जातो. ही घाई मला पटत नाही. या इंजिनांमध्ये विजेचा दोष डिझेलच्या दोषाचे रूप घेऊन समोर येतो आणि क्वचित उलटेही घडते. त्यामुळे एकही पाना हातात घेण्यापूर्वी हे दोन दोष वेगळे करता आले पाहिजेत. येथे मी यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनांविषयीच लिहीत आहे, म्हणजे ज्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नाही आणि ज्यांवर बॉशने १९२७ साली उत्पादनात आणलेल्या इनलाइन पंपाच्या घराण्यातला किंवा रोटरी पद्धतीचा पंप बसवलेला असतो.

अशा इंजिनाला विजेची गरज मुख्यतः दोन ठिकाणी असते. एक म्हणजे सेल्फने (स्टार्टर मोटरने) इंजिन पुरेशा वेगाने फिरवणे आणि दुसरी म्हणजे स्टॉप सोलेनॉइडने, म्हणजे विजेच्या कॉइलने हलणाऱ्या दांड्याने, डिझेलची वाट उघडी ठेवणे. हा सोलेनॉइड प्रत्येक ट्रकवर नसतो. काहींवर केबलने ओढायचा साधा स्टॉप असतो, तर काहींवरचा सोलेनॉइड वीज मिळाल्यावर इंजिन बंद करतो. आपल्या ट्रकवर यांपैकी काय आहे, हे आधी पाहून घ्यावे. पेटण्याचे काम मात्र दाबलेली हवा करते. सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते बाविसाव्या भागात कोंबली जाते, ती त्यामुळे तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. इंजिन मंद फिरले तर ही उष्णता सिलिंडरच्या भिंतींत निघून जाते आणि थोडी हवा रिंगांच्या बाजूने निसटते. डिझेल वेळेवर येऊनही ते पेटत नाही आणि मालकाला वाटते की पंप गेला.

म्हणून सेल्फ मारताना मी सर्वांत आधी सायलेन्सरकडे पाहायला सांगतो. इंजिन फिरते आहे आणि पांढरा धूर येतो आहे, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण जळत नाही. तेव्हा फिरण्याचा वेग, कॉम्प्रेशन, थंड हवामानात ग्लो प्लग किंवा हीटर आणि पंपाचे टायमिंग यांकडे वळावे. धुराचा मागमूस नसेल तर डिझेल पोहोचतच नाही असे धरून सोलेनॉइड, टाकी, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या वाटेने जावे. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मी उठाठेव वाचते, आणि त्यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही.

विजेची तपासणी बॅटरीपासूनच सुरू करावी. काही तास विश्रांती मिळालेल्या, पूर्ण चार्ज असलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. तेथे एकत्रित आकड्यावर समाधान न मानता प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे मोजावी. पुष्कळ ट्रकांत टेप किंवा चार्जरसाठी १२ व्होल्ट हवे म्हणून एकाच बॅटरीवरून तार ओढलेली असते. ती बॅटरी सतत अर्धवट उतरलेली राहते, दुसरी प्रमाणाबाहेर चार्ज होते आणि काही महिन्यांत दोन्ही निकामी होतात. अशी जोडणी दिसली तर ती काढून तेथे कन्व्हर्टर बसवावा आणि बॅटऱ्या बदलायच्या झाल्यास जोडीनेच बदलाव्यात.

बॅटरी चांगली निघाली तरी सेल्फपर्यंत किती व्होल्ट पोहोचतात हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते जुन्या ट्रकमधली निम्मी रहस्ये येथेच दडलेली असतात. स्टॉपचा दांडा ओढून किंवा सोलेनॉइड बंदच्या स्थितीत ठेवून इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी आणि गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी. मग मल्टीमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या धन खुंटावर आणि दुसरा सेल्फच्या मुख्य बोल्टवर धरून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. केबल आणि जोड निरोगी असतील तर १२ व्होल्टच्या ट्रकमध्ये हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. समजा, तो १.८ व्होल्ट आला. आता पहिला प्रोब खुंटावरून उचलून फक्त बोटभर बाजूला, त्याच खुंटावर आवळलेल्या टर्मिनलवर ठेवावा आणि पुन्हा सेल्फ मारावा. आकडा एकदम ०.२ वर उतरला, तर हरवलेले व्होल्ट खुंट आणि टर्मिनल यांच्या मधल्या जागेत आहेत, बाहेरून तो जोड कितीही चकचकीत दिसो. टर्मिनल काढले की आत करड्या रंगाचा पातळ थर दिसतो, तो खरवडून काढला की काम होते.

हा दोष ओहमच्या पट्टीवर सापडत नाही, कारण ०.००५ ओहमचा विरोध मोजण्याची साध्या मीटरची कुवतच नसते. पण त्याच विरोधातून सेल्फचे ४०० अँपिअर वाहिले की २ व्होल्ट नाहीसे होतात. टेस्ट लॅम्पही तेथे ऐटीत पेटतो, कारण त्याला अर्धा अँपिअरदेखील पुरतो. म्हणून प्रवाह वाहत असतानाच मोजावे, हा माझा आग्रह आहे.

हीच चाचणी अर्थिंगच्या बाजूनेही करावी: एक प्रोब बॅटरीच्या ऋण खुंटावर आणि दुसरा इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे ब्लॉक ते चॅसी या अर्थिंगच्या पट्टीवर सगळी मदार असते. ती गंजली की सेल्फचा प्रवाह परतीसाठी दुसरी वाट शोधतो आणि कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनही वाहतो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. ब्रेक दाबल्यावर मागचा साइड लॅम्प मंद होत असेल तर तोही अर्थिंगचाच दोष, फक्त दिव्यांच्या बाजूचा.

स्टॉप सोलेनॉइड या दोन दुनियांच्या वेशीवर उभा असतो. वीज मिळाल्यावर उघडणाऱ्या मोठ्या सोलेनॉइडमध्ये बहुधा दोन कॉइल असतात, एक जोराने ओढणारी आणि दुसरी नुसती धरून ठेवणारी. सेल्फ फिरत असताना व्होल्ट फार खाली गेले तर तो ओढतच नाही. इंजिन फिरते, धूर नाही, डिझेल नाही आणि दोष मात्र बॅटरीच्या टर्मिनलमध्ये! लिंकेज चुकीचे बसवल्यामुळे दांडा शेवटपर्यंत जात नसेल तर काही रचनांमध्ये ओढणारी कॉइल चालूच राहते आणि जळते. असा सोलेनॉइड बदलताना लिंकेजची लांबी तपासली नाही तर नवाही त्याच मार्गाने जातो.

डिझेलच्या बाजूला सर्वांत फसवा दोष हवेचा असतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते, म्हणजे तेथे बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. त्यामुळे त्या भागातली चीर बहुधा गळत नाही. ती हवा आत घेते. नळी कोरडी दिसते, जमिनीवर थेंब नसतो, तरी रात्रभर उभा राहिलेला ट्रक सकाळी हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवण्याचा पंप) मारल्याशिवाय चालू होत नाही. फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक डिझेल नळी तात्पुरती जोडावी आणि इंजिन चालू ठेवून टॉर्चच्या उजेडात पाहावे. सुरुवातीचे मोठे बुडबुडे जोडणी करताना शिरलेल्या हवेचे असतात, ते सोडून द्यावेत. त्यानंतरही मोहरीएवढे बुडबुडे एका रांगेत येत राहिले तर मागे कोठेतरी हवा शिरते आहे. बंजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, फिल्टरची रबरी सील, प्रायमरची दांडी आणि टाकीतली चिरलेली सक्शन नळी हे नेहमीचे संशयित. डिझेल अर्ध्यावर आल्यावरच त्रास सुरू होत असेल तर सक्शन नळीवर माझा संशय आधी जातो.

टाकीची बाजू एका झटक्यात वेगळी काढायची असेल तर स्वच्छ डिझेलचा कॅन उंचावर, पक्का बांधून ठेवावा आणि चांगल्या नळीने फीड पंपाला जोडावा. इंजिन सुरळीत चालले तर पंप निर्दोष आहे. दोष टाकी, व्हेंट (टाकीत हवा येण्याचे छिद्र) किंवा मधल्या नळ्यांत आहे. जुन्या रबरी नळीचे आतले अस्तर सुटून झडपेसारखे आडवे येते, बाहेरून नळी धडधाकट दिसत असली तरी. व्हेंट तुंबला असेल तर इंजिन काही वेळ चालून दम सोडते आणि टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येतो.

इंजिन मिस करत असेल तर आयडलवर एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट किंचित सैल करण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतो, बदलला नाही तर दोष तेथेच शोधावा. हे करताना चष्मा आणि हातमोजे घालावेत, चिंधी गुंडाळावी आणि बोट कधीही फवाऱ्याजवळ नेऊ नये. इंजेक्टर १७५ ते २५० बारच्या दाबावर उघडतात. तो फवारा कातडी भेदून आत जातो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. कॉमन रेलच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या आणि खूप जास्त दाबाच्या, इंजिनावर तर हा प्रयोग मुळीच करू नये.

थंड असताना चटकन सुरू होणारे इंजिन तापल्यावर हट्ट धरत असेल तर मात्र पंपाकडे वळायला कारण मिळते. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या प्लंजरच्या (पंपातल्या दाब देणाऱ्या दांड्याच्या) बाजूने निसटते, सेल्फच्या मंद गतीला पुरेसा दाब तयार होत नाही. तरीही इनलाइन पंप असेल तर आधी जादा डिझेल परत पाठवणारा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह तपासावा. त्यातली स्प्रिंग थकली की पंपाच्या गॅलरीत (आत डिझेल भरून राहते त्या पोकळीत) दाब टिकत नाही, आणि इंजिनची ओढ कमी होते. तो व्हॉल्व्ह चांगला आहे, सेल्फवर पुरेसे व्होल्ट पोहोचत आहेत आणि कॅनवरच्या स्वच्छ डिझेलवरही गरम इंजिन तसेच वागते, एवढे नक्की झाल्यावर पंप उतरवावा आणि ही सगळी मोजमापे कागदावर लिहून त्याच्याबरोबरच टेस्टिंगला पाठवावीत.