ओ-के-ओ-जे म्हणजे वावर

बाबांचा कॉम्प्युटर गेल्या पावसाळ्यात बंद पडला तेव्हा घरात बाबांशिवाय कुणालाच त्याचं दुःख झालं नाही. २००४ साली अमरावतीहून जोडून आणलेला डबा. आणला तेव्हा पांढरा होता, आता चहाचा रंग चढलाय. त्यावर इंटरनेट नव्हतं, गाणी नव्हती. होती फक्त एक फाइल, बाबांची वऱ्हाडी शब्दांची वही. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबा गावोगाव हिंडून शब्द गोळा करत आले आणि रात्री बसून टाइप करत गेले. २१४ पानं झाली होती. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

ज्या दुकानात नेला तिथल्या मुलाने झाकणही न उघडता सांगितलं, "काकू, भंगारात द्या. डेटा काढून पाहिजे असेल तर आठ हजार, आणि गॅरंटी नाही." मी परत घेऊन आले. मी एका पतपेढीत हिशेब लिहिते, कॉम्प्युटरची जाणकार वगैरे अजिबात नाही. पण न उघडता मेलेलं ठरवणं मला पटत नाही.

सुरू केला की तीन लांब बीप आणि स्क्रीन काळा. बीप म्हणजे निदान मदरबोर्ड तरी जिवंत आहे, हे मला ऑफिसातल्या जुन्या मशिनांमुळे माहीत होतं, आणि अशा वेळी पहिला संशय रॅमवर, म्हणजे मशिनच्या तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीवर, घ्यायचा हेही. प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून रॅमची पट्टी वर काढली. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते, ती काळवंडली होती. लेकाच्या कंपासमधलं पांढरं खोडरबर घेतलं आणि कागदावरची पेन्सिल खोडावी तितक्याच हाताने एका दिशेने घासलं. खोडरबरावर काळे ओघळ उमटले. बारीक चुरा ब्रशने झाडला, पट्टी कट्ट आवाज येईपर्यंत बसवली. एकच छोटी बीप झाली आणि विंडोज एक्सपीचं ते हिरवं माळरान आलं. बाबा खुर्चीतून उठले, काही बोलले नाहीत, पाणी पिऊन आले.

तारीख मात्र २००४ च्याही मागे गेली होती. ते आतल्या नाण्याएवढ्या सेलचं काम, सीआर २०३२. घड्याळवाल्याकडे मिळतो. तो बदलण्याची घाई केली नाही, कारण दहा मिनिटांत मशिन आपोआप बंद पडलं. प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता, पण खालच्या जाळीत धुळीचा नमदा बसला होता. तो कोरून काढला, तरी पंधराव्या मिनिटाला पुन्हा बंद. मग झाकण उघडंच ठेवलं आणि समोर टेबलफॅन लावला, पूर्ण वेगावर. प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी थर्मल पेस्ट बदलणं हा खरा उपाय होता, पण मला त्या डब्याकडून एक तासच हवा होता.

तो तास जवळजवळ माझ्याच पेनड्राइव्हने खाल्ला. ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह लावला, तर एक्सपी विचारतो, हा फॉरमॅट केलेला नाही, करू का? माझा हात 'हो'वर जाता जाता थांबला, कारण त्यात सोसायटीच्या ऑडिटचे कागद होते. मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या नव्या साठवणुकीच्या पद्धतीचे येतात आणि जुन्या एक्सपीला वेगळं अपडेट घातल्याशिवाय ती पद्धत वाचताच येत नाही. बिघाड काहीच नसतो. देव्हाऱ्याच्या खणात उदबत्तीच्या पुड्यांखाली एक ४ जीबीचा जुना पेनड्राइव्ह सापडला, फॅट ३२ या जुन्या पद्धतीचा. तो लगेच चालला.

फाइल घेतली, आणि तिच्यासोबत विंडोजच्या फोल्डरमधला फाँटही घेतला. हे दुसरं काम जो विसरतो तो नंतर रडतो, असं मी कित्येकांचं पाहिलंय. बाबांचा फाँट कृतीदेव, आणि त्या एकाच नावाने फिरणाऱ्या बऱ्याच आवृत्त्या आहेत आणि त्यांतल्या एकदोन अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात. बाबांनी ज्यात टाइप केलं तोच फाँट हवा. मग त्या प्रतीच्या आणखी दोन प्रती केल्या, एक लॅपटॉपवर, एक ईमेलमधून मलाच. तिथपर्यंत मी फाइल उघडलीसुद्धा नव्हती.

लॅपटॉपवर उघडली तेव्हा पहिल्या पानावर इंग्रजी अक्षरांची भेळ. बाबा चष्मा सावरत म्हणाले, "हे काय वं? माह्या शब्दाइले काय झालं?"

झालं काहीच नव्हतं. त्या काळातली ही मराठी मुळात मराठी नव्हतीच. फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि फाँट त्यांच्यावर देवनागरी मुखवटे चढवतो. बाबांनी 'वावर' लिहिलं तेव्हा फाइलमध्ये गेलं ओ, के, ओ, जे. ओ म्हणजे व, के म्हणजे काना, जे म्हणजे र. फाँट काढला की मुखवटा उतरतो आणि उरतं 'ओकेओजे'. बाबांना हे समजावलं तर ते म्हणाले, "मंग वीस वर्सं मी इंग्रजीत लिवत होतो काय?"

बाबांचा यात काही दोष नव्हता. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड, आणि त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. एक्सपीतही ती सोय होती, पण सेटिंगमध्ये जाऊन, मूळ सीडी घालून चालू करावी लागायची. शिवाय छापखान्यातल्या पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामला युनिकोड मराठी कळत नव्हती. त्यात बाबांनी तरुणपणी मराठी टाइपरायटरची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिलेली, आणि कृतीदेवची कळपाटी म्हणजे जवळजवळ तोच रेमिंग्टनचा टाइपरायटर. त्यांची बोटं तिथे न बघता पडायची.

आता ही वही युनिकोडमध्ये आणायची होती. मी आधी शहाणपणा केला. वाटलं, इतकं सरळ आहे तर शोधा-आणि-बदला वापरून एकेक अक्षर बदलू. के च्या जागी काना टाकला आणि वाट लागली. कारण कृतीदेवमध्ये पूर्णविरामाचं टिंब म्हणजे अर्धा ण आणि टिंबाच्या पुढे के म्हणजे पुरा ण. चौकोनी कंस म्हणजे अर्धा ख, त्यापुढे के आला की पुरा ख. तो के म्हणजे कधी काना, तर कधी अक्षराची उभी दांडी. आधी जोड्या बदलायच्या, एकेकटी अक्षरं शेवटी, हे मला सगळे ण पूर्णविराम होऊन पडल्यावर कळलं. श तर आणखी नाजूक. तो एकेरी अवतरण चिन्ह आणि के मिळून होतो, आणि वर्डला सरळ अवतरण चिन्ह दिसलं की तो सवयीने ते वाकडं करतो. शिवाय ओळीची सुरुवात दुरुस्त करायला गेले तर वर्डने पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल केलं. छोटा डी म्हणजे क, मोठा डी म्हणजे अर्धा क्. 'कणीस'चा पाय माझ्या डोळ्यांसमोर मोडला. असल्या फाइलला हात लावण्यापूर्वी ऑटोकरेक्टमधल्या सगळ्या खुणा काढून टाका, एकही ठेवू नका.

मग मुकाट्याने कृतीदेवचं युनिकोड करून देणारा नेटवरचा फुकट कन्व्हर्टर धरला. वेलांटी आणि रफार ही दोन कामं हाताने होण्यातली नव्हतीच. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये आपण बोलतो तसं, क आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचं उलटं. 'कर्म' टाइप करताना क, म आणि मग रफार. युनिकोडमध्ये तो र म च्या आधी यावा लागतो. कन्व्हर्टर ही उचलाउचल बरी करतो. दहा-दहा पानं घातली, एका संध्याकाळी २१४ पानं झाली.

मुखपृष्ठ उघडलं. 'व?हाडी शब्दांची वही'.

नेमकं त्याच शब्दावर. आपला तो आडवा र, डोळ्याच्या पापणीसारखा, हिंदीत लागतच नाही. कन्व्हर्टर बनवणाऱ्याने हिंदी समोर ठेवून तक्ता केलेला असणार; बाबांनी तो र ज्या चिन्हाने काढला होता ते त्यात नव्हतंच. आणि वऱ्हाडीत हा र जागोजागी. वऱ्हाडी, पऱ्हाटी, गोऱ्हा, तऱ्हा. उपाय सोपा निघाला. मूळ फाइलमध्ये ते चिन्ह शोधून त्याच्या जागी आधीच एक वेडावाकडा शब्द घातला, 'झझझ' उमटेल असा, आणि कन्व्हर्ट झाल्यावर 'झझझ'च्या जागी तो र. मराठीत 'झझझ' कुठे येत नाही, निदान बाबांच्या वहीत तरी नाही.

तरी बाबा म्हणाले, पऱ्हाटी अकरा वेळा आहे, मला पक्कं आठवते. शोधलं तर नऊच. दिसायला अकराही सारख्या. कारण हा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी बनतो. एकतर खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, नाहीतर साधा र, पाय मोडून, पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला फरक नाही, पण शोधताना मशीन त्यांना वेगळे शब्द मानतं. ते दोन पऱ्हाटी मी स्वतः दुसऱ्या कीबोर्डने दुरुस्त केले होते. सगळीकडे नुक्त्याचा ऱ केला, मग अकरा आले. माझं मत विचाराल तर कुठलीही एक रीत धरा, पण फाइलभर तीच.

वनस्पतींची शास्त्रीय नावं बाबांनी इंग्रजी फाँटात लिहिली होती. कन्व्हर्टरला फाँट दिसत नाही, त्याने त्या लॅटिनचंही इमानदारीत मराठी केलं आणि जे झालं ते वाचून बाबा पोट धरून हसले. भाचा म्हणाला, आत्या, पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहितो, फाँट बघून सोडून देईल. नावं होती ६१. मी हाताने टाइप केली, पाऊण तास लागला. भाच्याची स्क्रिप्ट अजून चालू आहे.

तपासणी हा खरा कंटाळवाणा भाग, आणि तिथे एक युक्ती फार उपयोगी पडली. सगळा मजकूर एका ओळीत एक शब्द असा फोडला आणि कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये क्रमाने लावला. बिघडलेले शब्द आपोआप टोकांना गोळा होतात, कारण वेलांटीने किंवा हलन्ताने सुरू होणारा शब्द मराठीत नसतोच. त्यांच्यासमोर ते ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळही दिसतं. पानोपान वाचत बसले असते तर महिना गेला असता, तीनेकशे चुका अशा दोन रात्रींत निघाल्या. ज्या नुसत्या वाचूनच कळतील अशा बाबांनी काढल्या, लाल पेनाने, प्रिंटवर.

एकाच गोष्टीवर ते चिडले. क्रम लावला तर ळ हा ल च्या पाठोपाठ बसलेला. "ळ हच्या मांगं येते, हे पहिलीतल्या पोट्ट्यालेबी समजते!" युनिकोडच्या तक्त्यात ळ ची जागा ल ला लागूनच आहे, आणि मी क्रम लावताना भाषा मराठी निवडायची राहिले होते. ती निवडल्यावर ळ मागे गेला. बाबांना वाटलं मी त्यांच्या सांगण्यावरून मशिनला झापलं. मी तसंच राहू दिलं.

शेवटचं काम टायपिंगचं. मला भीती होती की या वयात त्यांना नवी कळपाटी शिकवावी लागेल, इनस्क्रिप्ट वगैरे. लागली नाही. युनिकोडमध्येही रेमिंग्टनची मांडणी मिळते, रेमिंग्टन गेल नावाने. लॅपटॉपवर बसवली, बाबांसाठी साधा मोठ्या कळांचा यूएसबी कीबोर्ड घेतला, कारण लॅपटॉपच्या सपाट कळा त्यांच्या बोटांना 'लागत' नाहीत. पहिल्या दिवशी तीनचार चिन्हांची जागा बदललेली सापडली. ती त्यांनी कागदावर लिहून भिंतीवर चिकटवली. दुसऱ्या दिवसापासून टकटक सुरू.

जुना डबा मी फेकलेला नाही. टेबलफॅनची जागा मात्र परत स्वयंपाकघरात गेली आहे.

आता शोधता येतं म्हटल्यावर बाबांना नवा उद्योग मिळालाय. काल रात्री त्यांना 'गोऱ्हा' दोन ठिकाणी सापडला, एकदा २००५ च्या पानांत, एकदा खूप पुढे. एकीकडे अर्थ गाईचं नर वासरू, दुसरीकडे जू न घेतलेला तरणा बैल. दोन्ही त्यांनीच लिहिलेले. कोणता खोडायचा विचारलं तर म्हणाले, "थांब वं, आधी गावाले फोन लावतो." साडेदहा वाजले होते. पलीकडून कुणीतरी उचलला, आणि मी झोपायला गेले तेव्हा गोऱ्ह्याचे दात कितव्या वर्षी पडतात यावर दोघांचं चाललं होतं.