लाल झाकणाची बरणी

"सर, ह्यात पोट भरतंय काय ओ?"

मुलगी माझ्याकडे डिझाइनचं काम शिकायला आली होती. ती अजून दारात चपला काढत होती, तेवढ्यात वडिलांनी विचारलं. ते बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, घर खानापूरकडच्या खेड्यात. मुलगी बी.कॉम. झालेली, सहा महिने डिझाइनचा क्लास केलेली. मी त्यांना खरं तेच सांगितलं. भरतं, पण पहिली दोन-तीन वर्षं ओढाताण होते. रवी परांजपे १९३५ साली याच बेळगावात जन्मले, के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली इथेच शिकले आणि पुढे जाहिरातींच्या क्षेत्रात चित्रकार म्हणून केवढे मोठे झाले, तेही सांगितलं. पुढे शिकायचं मनात आलं तर बी.कॉम. झालेल्यालाही डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाची सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा देता येते, ती आयआयटी मुंबई घेते. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, अर्धा कप चहा प्यायला आणि ते कामावर गेले.

मुलीने मोबाइलवर आपलं काम दाखवलं. पंधरा-सोळा पोस्टर. परदेशी नावाचं कॉफीचं दुकान, परदेशी नावाचे बूट, कुठलासा संगीत महोत्सव. रंगसंगती चांगली होती, हात साफ होता. "हे कुणासाठी केलंस?" "असंच, सर. सरावाला." माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांचं काम असंच असतं. मला त्यांचा राग येत नाही, वाईट वाटतं. तयार टेम्प्लेटमध्ये नाव बदललं की काम देखणं दिसतं, पण त्या मुलाने स्वतः काय ठरवलं ते त्यातून कळत नाही. समोर गिऱ्हाईक नाही, बजेट नाही, वस्तू कुठे ठेवली जाणार तेही माहीत नाही. मग ठरवायचं तरी काय?

त्याच दिवशी एका काकूंच्या लोणच्याच्या लेबलचं काम टेबलावर होतं. घरगुती उद्योग, आंबा, लिंबू आणि मिरची असे तीन प्रकार, २,००० लेबलं. सकाळीच मी लेआउट लावला होता. वर कन्नड, खाली मराठी, मध्ये पिवळी पट्टी, बाजूला शाकाहाराची हिरवी खूण, चौदा आकडी परवाना नंबर, वजन, किंमत. काकूंना झाकणं बदलून सोनेरी करायची होती, "जरा भारी दिसू दे" म्हणून.

मी मुलीच्या हातात एक जुनी बरणी दिली. म्हटलं, कॉम्प्युटरला अजून हात लावू नकोस. रविवार पेठेत जा, गणपत गल्लीत जा. ही बरणी जिथे विकायला ठेवलीय तिथे थोडा वेळ उभी राहा आणि दिसेल ते लिहून आण.

दोन तासांनी ती घामाघूम होऊन परत आली. वहीची दोन पानं भरली होती. ती पानं मी अजून जपून ठेवली आहेत. बरण्या दुकानात वरच्या फळीवर असतात, पुढे बिस्किटांचे पुडे, त्यामुळे लेबल अर्धं झाकलं जातं आणि गिऱ्हाइकाला झाकणच आधी दिसतं. चार बायका लोणचं मागायला आल्या, त्यातल्या तिघींनी नाव घेतलंच नाही, "ती लाल झाकणाची द्या" म्हणाल्या. आणि एका दुकानदाराने प्रत्येक झाकणावर मार्करने 'आंबा', 'लिंबू' असं स्वतःच लिहून ठेवलं होतं, कारण खाली घेतल्याशिवाय आतलं कुठलं ते कळत नाही.

बावीस वर्षं मी हे काम करतो, पण त्या बरण्या फळीवर कशा दिसतात ते बघायला मी गेलो नव्हतो. लेबल मी पडद्यावर मोठं करून बघत होतो, बायका झाकण बघून बरणी मागत होत्या.

काकूंना फोन केला. झाकण सोनेरी केलंत तर तुमची ओळखच जाईल, म्हटलं. त्या जरा नाराज झाल्या, मग दुकानातली हकिकत ऐकून गप्प झाल्या. झाकणासाठी एक छोटा गोल स्टिकर करायचं ठरलं, प्रकाराचं नाव दोन्ही लिपींत, ठळक. त्याचा लेआउट मुलीने स्वतः केला. पहिल्यांदा तिने बारीक, नाजूक अक्षर घेतलं. मी प्रिंट काढून सहा फुटांवर भिंतीला चिकटवली आणि म्हटलं, आता वाच. तिने न सांगता अक्षर जाड केलं.

दुपारी मुख्य लेबलचं प्रूफ आलं. मी आकडे तपासले, स्पेलिंग तपासलं, हाफ कटची, म्हणजे स्टिकरचा फक्त वरचा थर कापायची, रेघ बघितली. आता मशीनवर घ्या म्हणणार, एवढ्यात ती म्हणाली, "सर, हे चुकलंय की."

कन्नडमध्ये लोणच्याला उप्पिनकायी म्हणतात. त्यातल्या जोडाक्षरातला दुसरा प शेजारी बसत नाही, तो पहिल्याच्या पायाशी येतो. त्याला ओत्तक्षर म्हणतात. माझी पिवळी पट्टी नेमकी त्या ओत्तक्षरावर चढली होती. खालचा प गडप, शब्द झाला 'उपिनकायी'. मी मराठी शाळेतला, कन्नड बोर्ड वाचत वाचत शिकलो. माझी नजर सवयीने शिरोरेघेवर आणि वरच्या वेलांट्या-मात्रांवर जाते, कन्नडला मात्र अक्षराखाली जागा सोडावी लागते. तिचं शिक्षण मराठीत झालं, पण कन्नड विषय शाळेत होता, त्यामुळे तिला एका नजरेत खटकलं. २,००० लेबलं छापून गेली असती.

मी तिला तेव्हाच म्हटलं, हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत आणि पुण्या-बेंगळुरूच्या प्रत्येक डिझायनरला जमत नाही. २०२४ च्या कायद्यानंतर कर्नाटकात पाटीवरचा साठ टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि वरच्या बाजूला लागतो. त्या वादात मी इथे शिरत नाही, पण बोर्ड नव्याने होत आहेत आणि दोन्ही लिपी शेजारी शेजारी नीट बसवणारी माणसं मोजकी आहेत. आपण सीमेवर वाढलो याचं ओझं वाटून घेणारी मुलं मी खूप बघितली. तिच्या पोर्टफोलिओत, म्हणजे मोबाइलवर दाखवलेल्या त्या कामात, कन्नडचं एक अक्षर नव्हतं.

संध्याकाळी तिला त्या दिवसाचे पैसे दिले. ती घेईना, "मी शिकायलाच आलो होतो की सर." मी बळेच घ्यायला लावले. अनुभव मिळेल म्हणून फुकट राबवणारे पुष्कळ भेटतील, त्यांना पहिल्याच दिवशी नाही म्हणायची सवय लागली पाहिजे. बाहेरचं काम घेतलंस तर अर्धे पैसे आधी घे आणि किती वेळा बदल करून देणार ते लिहून ठेव, हेही सांगितलं. तिने वहीत टिपून घेतलं.

"पोर्टफोलिओत पहिलं काय लावू?" जाताना तिने विचारलं.

"ही दोन पानं. फोटो काढून लाव."

"गिचमिड लिहिलंय की ओ."

"असू दे. त्याच्याखाली स्टिकर लाव, आणि त्याखाली बरणी फळीवर कशी दिसते तो फोटो."

तिसऱ्या दिवशी काकू लेबलं न्यायला आल्या. गठ्ठा सोडायच्या आधी त्यांनी पिशवीतून एक बरणी काढली, गोल स्टिकर सोलून लाल झाकणावर स्वतः चिकटवला, बरणी आमच्या कपाटावर उंच ठेवली आणि दारापर्यंत मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"लिंबू," त्यांनी तिथून वाचलं.